कोटेशिया : एका परोपजीवी कीटकप्रजातीच्या नावाचा व ज्ञानाचा इतिहास

भृंग आणि कीटक यांचा दृष्टांत मराठी वाचकास नवा नाही. भृंगी एखादी अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात तिला कोंडते, तिच्याभोवती गुंजारव करीत राहते, आणि त्या ध्यासाने अळीच भृंगी होऊन बाहेर पडते, अशी ही समजूत आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये या कीटकाची गणना झालेली आहे, आणि एकनाथांच्या टीकेने ती महाराष्ट्रात घरोघर पोहोचविली. अध्यात्मातील तिचे स्थान हा येथे विषय नव्हे. कीटकशास्त्राच्या इतिहासकाराने मात्र एवढे लक्षात घेतले पाहिजे की, दृष्टांताच्या मुळाशी असलेले निरीक्षण खोटे नाही. बंद घरट्यात अळी जाते व त्यातून गांधीलमाशीच्या जातीचा कीटक बाहेर येतो, हे कोणीही पाहावे. चूक आहे ती मधल्या, डोळ्यांना न दिसलेल्या दुव्याविषयी. घरटे लिंपण्यापूर्वी भृंगीने आपले अंडे आत ठेवलेले असते, आणि अळी ही त्या अंड्यातून निघणाऱ्या पिलाची शिदोरी असते.

युरोपातील विद्वानांची वाटचालही याच चुकीपासून सुरू झाली. तेथे निरीक्षणाचा विषय होता कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराची अळी. पुरी वाढलेली अशी अळी पुष्कळदा मरणोन्मुख अवस्थेत आढळते आणि तिच्या अंगाखाली पिवळ्या, रेशमी, तांदळाच्या दाण्याहून लहान अशा कोषांचा पुंजका असतो. बोलोन्याच्या उलिस्से आल्द्रोव्हांदी यांनी १६०२ साली प्रसिद्ध केलेल्या कीटकविषयक ग्रंथात हे कोष नमूद केले, परंतु ती अंडी आहेत असे मानले. या समजुतीला हसण्याचे कारण नाही. अंगातून परोपजीवी अळ्या बाहेर पडल्यावरही कोबीवरील अळी लगेच मरत नाही. ती कोषांच्या पुंजक्यावर बसून राहते, त्यावर स्वतःचे रेशीम विणते आणि जवळ येणाऱ्या कीटकांना डोके झटकून हुसकावते. हे वर्तन तिच्या अंगात वाढलेल्या परोपजीवींच्या हिताचे आहे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखविण्यात आले. सोळाव्या शतकातील निरीक्षकाला तीत अंड्यांवर बसलेली आई दिसली, तर ते स्वाभाविकच होते.

मिडेलबर्गचा चित्रकार योहानेस हुडार्ट याने सतराव्या शतकाच्या मध्यास अळ्या पाळून त्यांची रूपांतरे चितारली. एकाच प्रकारच्या अळ्यांतून कधी फुलपाखरू, तर कधी माश्यांचा थवा निघतो, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदविले आणि एका जिवापासून दोन प्रकारची संतती संभवते असा निष्कर्ष काढला. फ्रांचेस्को रेदी यांनी १६६८ साली झाकलेल्या व उघड्या मांसाचे प्रयोग करून मांसातून माश्या उत्पन्न होत नाहीत हे सिद्ध केले, पण वनस्पतींच्या गाठींतून निघणाऱ्या कीटकांबाबत त्यांनीही वनस्पतीच्या जीवनशक्तीलाच कारण मानले. हुडार्टच्या ग्रंथाचे संपादन करताना मार्टिन लिस्टर यांनी, माद्या अळीच्या अंगात अंडी घालीत असल्या पाहिजेत, असे म्हटले. अठराव्या शतकाच्या आरंभी पादुआचे वाल्लिस्नेरी आणि डेल्फ्टचे लेव्हेनहुक यांच्या लेखनामुळे हा अर्थ पक्का झाला. रेओम्यूर यांनी १७३० नंतरच्या दशकात त्यात मोलाची भर घातली : आतील भक्षक अळीची चरबी खातात, प्राणभूत इंद्रिये शेवटपर्यंत राखतात, कारण यजमान अकाली मेला तर त्यांचेही मरण ओढवते. ‘यजमान’ हा आज रूढ झालेला शब्द येथे किती विपरीत अर्थाने लागू पडतो, हे सांगावयास नको.

नामकरणाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचाही. १७५८ साली लिनीअस यांनी कोबीवरील अळीच्या या शत्रूला इक्न्यूमॉन ग्लोमेरॅटस असे नाव दिले. इक्न्यूमॉन म्हणजे ग्रीक भाषेत माग काढणारा. मुंगसालाही तोच शब्द होता. ग्लोमेरॅटस हे विशेषण कोषांच्या गोळ्यावरून आलेले आहे. म्हणजे नाव देताना माशीपेक्षा तिचा माग आणि तिचे कोष यांकडेच लक्ष होते. लात्रेय यांनी १८०४ मध्ये मायक्रोगॅस्टर ही प्रजाती वेगळी केली. आखेनचे शिक्षक आर्नोल्ड फोर्स्टर यांनी १८६२ मध्ये तिच्यातून ॲपॅन्टेलिस ही प्रजाती काढली. (‘प्रजाती’ आणि ‘जाती’ हे शब्द येथे वर्गीकरणातील अनुक्रमे वरच्या व खालच्या पायरीसाठी योजले आहेत.) फोर्स्टर यांची कसोटी सोपी होती. पुढील पंखावरील एक लहानसे घर शिरांनी पूर्ण बंद असेल तर मायक्रोगॅस्टर. ज्या शिरेने ते बंद व्हावयाचे ती नसेल तर ॲपॅन्टेलिस. या ग्रीक नावाचा अर्थही ‘अपूर्ण’ असाच आहे.

कसोटी सोयीची ठरली आणि म्हणूनच घातक ठरली. एखादी शीर नसणे हा जर प्रजातीचा आधार, तर ज्या ज्या कुळात ती शीर स्वतंत्रपणे लोपली ती सर्व कुळे एका छपराखाली येणार. अभावाला स्वतंत्र पदार्थ मानणारे नैयायिकही केवळ अभावाच्या साम्यावरून दोन वस्तूंचे गोत्र एक म्हणत नाहीत. कीटकशास्त्रज्ञांनी मात्र ते शंभराहून अधिक वर्षे केले, आणि ॲपॅन्टेलिस ही शेकडो जातींची एक प्रचंड अडगळ बनली.

याच काळात हिंदुस्थानातून एक नमुना इंग्लंडास गेला. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने शेतीखात्यांची शिफारस केली आणि पिकांवरील किडींची माहिती पद्धतशीर गोळा करण्याची निकड सरकारला भासू लागली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्या वेळी एव्हरार्ड चार्ल्स कोट्स हे कीटकविभाग सांभाळीत होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकारी किडी पाठवीत, त्यांची ओळख पटवून माहिती छापण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी ‘इंडियन म्युझियम नोट्स’ हे नियतकालिक १८८९ पासून निघू लागले. ओळख पटविण्याचे साधन कलकत्त्यात अपुरे असल्याने नमुने ब्रिटनमधील तज्ज्ञांकडे जात. पीटर कॅमेरॉन हे त्यांपैकी एक. त्यांनी १८९१ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या वृत्तांतात भारतातून आलेल्या एका काळ्या, पिवळ्या पायांच्या, तीन मिलिमीटरही न भरणाऱ्या कीटकाचे वर्णन केले आणि त्याच्यासाठी नवी प्रजाती स्थापिली : कोटेशिया फ्लॅव्हिपिस. ‘फ्लॅव्हिपिस’ म्हणजे पिवळ्या पायांचा. प्रजातीच्या नावात कोट्स यांचे आडनाव सहज ओळखू येते.

कोट्स पुढे कीटकशास्त्र सोडून वृत्तपत्रव्यवसायात गेले. त्यांची पत्नी सारा जीनेट डंकन ही कादंबरीकार म्हणून त्यांच्याहून अधिक प्रसिद्ध झाली. कॅमेरॉन यांचे आयुष्य ओढगस्तीत गेले. पदवी व पद नसलेला हा हौशी संशोधक जगभरच्या नमुन्यांची वर्णने करीत राहिला, आणि पुढच्या पिढीने त्याच्या त्रोटक वर्णनांवर सडकून टीका केली. टीका अनाठायी नव्हती. कोटेशिया हे नावही लवकरच बुडाले. पंखावरील ते घर उघडे आहे, तेव्हा हा कीटक ॲपॅन्टेलिसच, असा निवाडा झाला. त्यानंतर सुमारे नऊ दशके भारतीय कृषिग्रंथांत, विद्यापीठीय प्रबंधांत आणि प्रयोगशाळेच्या नोंदवह्यांत तो ॲपॅन्टेलिस फ्लॅव्हिपिस म्हणूनच वावरला. डी. एस. विल्किन्सन यांनी १९२८ मध्ये हिंदी-ऑस्ट्रेलियन प्रदेशातील जातींची छाननी केली, तीही याच नावाखाली.

गोंधळ एकट्या परोपजीवीच्या नावाचा नव्हता. ज्वारी व मका यांच्या खोडात शिरणाऱ्या ज्या अळीवर हा कीटक उपजीविका करतो, तिच्या पतंगाचे वर्णन कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी केले. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेचे ते एक संस्थापक, आणि मुंबई व दख्खन येथील फुलपाखरे व पतंग यांवरील त्यांची लेखमाला १८८५ ची. त्यांनीच दोन वेळा दोन नावे दिल्यामुळे हा पतंग पुष्कळ काळ कायलो झोनेलस म्हणून ओळखला गेला, आणि १९६० नंतर कायलो पार्टेलस हे नाव स्थिरावले. परिणाम असा की, ‘कायलो झोनेलसवर ॲपॅन्टेलिस फ्लॅव्हिपिस’ असा १९५५ चा उल्लेख आणि ‘कायलो पार्टेलसवर कोटेशिया फ्लॅव्हिपिस’ असा १९९५ चा उल्लेख हे एकाच शेतातील एकाच घटनेचे आहेत, हे अभ्यासकाला मुद्दाम ध्यानात ठेवावे लागते. ग्रंथालयातील सूचीत ते दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात.

शेतकऱ्याला अर्थातच दोन्ही नावांशी कर्तव्य नव्हते. त्याला दिसे ती पोंगेमर : ज्वारीच्या कोवळ्या ताटाचा मधला पोंगा वाळतो, ओढला तर सहज हातात येतो, आणि बुंध्याशी चिरले तर आत खोडकिड्याची अळी असते. या अळीचा बचाव तिच्या घरातच आहे. खोडाच्या आत पोखरलेल्या बोगद्यात पक्षी पोहोचत नाहीत, फवारा पोहोचत नाही. कोटेशियाची मादी मात्र अळीच्या विष्ठेच्या वासाने छिद्र शोधते आणि त्या बोगद्यात स्वतः शिरते. आत वळावयास जागा नसते. अळी तोंडातून द्रव ओकते, चावते, आणि शिरलेल्या माद्यांपैकी पुष्कळ तेथेच मरतात. परंतु मादीचे आयुष्यच काही दिवसांचे. एका अळीत ती तीस-चाळीस अंडी क्षणार्धात घालून मोकळी होते, तेव्हा दोन-तीन खेपांत तिचा संसार पुरा होतो. दीर्घायुषी कीटकाला जो धोका परवडला नसता तो हिला परवडतो. सुमारे बारा दिवसांनी पिले अळीचे कातडे फोडून बाहेर येतात व बोगद्यातच पांढरे कोष विणतात.

परोपजीवी कीटक एका खंडातून दुसऱ्या खंडात नेण्याची कल्पना कोटेशियाच्याच एका जातीवर प्रथम अमलात आली. अमेरिकेत कोबीवरील लहान पांढरे फुलपाखरू युरोपातून येऊन पसरले होते, सी. व्ही. रायली यांनी १८८३ मध्ये इंग्लंडातून ग्लोमेरॅटस ही जाती मागवून तेथे सोडली व ती स्थिरावली. यजमान येथे पतंग नसून फुलपाखरू असले, तरी तत्त्व तेच. भारतीय फ्लॅव्हिपिसची पाळी पुढे आली. राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र १९५७ मध्ये बंगलोर येथे सुरू झाले, आणि १९६६–६७ च्या सुमारास तेथून गेलेली फ्लॅव्हिपिस बार्बाडोसच्या उसात, डायट्रिया या तेथील खोडकिड्यावर रुजली. यात एक कुतूहलाची गोष्ट आहे. डायट्रिया ही अमेरिका खंडातील प्रजाती. भारतीय कोटेशियाची तिच्याशी पूर्वी कधी गाठ पडलेली नव्हती. तरीही ती यशस्वी झाली. १९७० नंतरच्या दशकात ती ब्राझीलला पोहोचली आणि तेथे कारखान्यासारख्या प्रयोगशाळांत वाढवून दर वर्षी तीस लाख हेक्टरांहून अधिक उसात सोडली जाऊ लागली.

आफ्रिकेत याच्या उलट घडले. कायलो पार्टेलस हा आशियातील पतंग अनवधानाने आफ्रिकेत शिरला. १९३० नंतरच्या काही वर्षांतच मलावीत त्याची नोंद झाली आणि पुढे पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील मका-ज्वारीचा तो मोठा शत्रू ठरला. यजमान जुनाच, तेव्हा त्याचा जुना वैरी आणून सोडला की काम झाले, असे कोणासही वाटावे. १९६८ ते १९७२ या काळात केनिया, युगांडा व टांझानिया येथे फ्लॅव्हिपिससह नऊ परोपजीवी जाती आणून सोडण्यात आल्या. एकही टिकली नाही. वीस वर्षांनी, १९९१ मध्ये, नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय कीटकशरीरक्रिया व परिस्थितिविज्ञान केंद्राने (स्थापना १९७०) पाकिस्तानातून फ्लॅव्हिपिस आणली, विल्यम ओव्हरहोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाढविली, आणि १९९३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीवर सोडली. या वेळी ती टिकली, पसरली आणि किनारपट्टीवरील कायलोची संख्या स्पष्टपणे घटली.

पहिल्या अपयशाचे खापर फ्लॅव्हिपिसवर फोडता येत नाही, हे दुसऱ्या प्रयत्नानेच सिद्ध केले. मधल्या वीस वर्षांत बदलले ते माणसांचे काम. दुसऱ्या खेपेस कीटक सोडण्यापूर्वी स्थानिक खोडकिडे कोणते, स्थानिक परोपजीवी कोणते, परका कीटक कोणत्या अळीत वाढतो व कोणत्या अळीत मरतो, हे प्रयोगशाळेत तपासले गेले, आणि सोडल्यानंतर वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. जैविक नियंत्रणाच्या इतिहासात ‘सोडले’ आणि ‘रुजले’ या दोन क्रियापदांमधील अंतर फार थोडे लेखक मोजतात.

या तपासणीतूनच एक जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. आफ्रिकेच्या उंच प्रदेशात बुसिओला फुस्का नावाचा देशी खोडकिडा आहे. फ्लॅव्हिपिस त्याच्या अळीतही अंडी घालते, पण ती अंडी वाढत नाहीत. अळीच्या रक्तातील पेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन त्यांना आवळून टाकतात. तेथील देशी भगिनीजाती कोटेशिया सेसॅमी हिचे वर्णनही कॅमेरॉन यांनीच १९०६ मध्ये केलेले. तिचा प्रकार आणखी विलक्षण : केनियाच्या आतील भागातील सेसॅमी बुसिओलात सुखाने वाढते, किनाऱ्यावरील सेसॅमीची अंडी मात्र तेथे नष्ट होतात. कीटक दिसावयास एकच, नाव एकच, आणि फल भिन्न.

उत्तर अंड्यांसोबत जाणाऱ्या द्रवात होते. केंब्रिजचे जॉर्ज सॉल्ट यांनी परोपजीवीचे अंडे यजमानाच्या रक्तात सुरक्षित कसे राहते, या एकाच प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. त्याच परंपरेत सुझन रॉदरम यांनी १९६७ मध्ये एका वेगळ्या परोपजीवी कीटकाच्या अंड्यावर सूक्ष्म कण दाखविले. १९८१ मध्ये अमेरिकेत एडसन, व्हिन्सन, स्टोल्ट्झ व समर्स यांनी अशाच एका कीटकाच्या अंडाशयातील विषाणू यजमान अळीची प्रतिकारशक्ती दडपतो, हे सिद्ध केले. कोटेशियाच्या मादीतही असा विषाणू आहे. तो बाहेरून लागलेला रोग नव्हे; त्याचे घटक माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत आहेत, तो तिच्या अंडाशयाच्या एका भागातच तयार होतो आणि अळीच्या शरीरात गेल्यावर त्याची संख्या वाढत नाही. अळीच्या रक्तपेशी त्याच्या प्रभावाने निकामी होतात, एवढेच. २००९ मध्ये तंबाखूवरील शिंगाळ्या अळीचा शत्रू कोटेशिया कॉन्ग्रिगेटा व आणखी एक कीटक यांवरील संशोधनातून असे दिसून आले की, हा विषाणू न्यूडिव्हायरस या गटातील पूर्वजापासून आलेला आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तो या कीटकांच्या एका पूर्वजाच्या देहात कायमचा वसला, असा अंदाज केला जातो. किनाऱ्यावरील व आतील सेसॅमी यांच्यातील भेद या विषाणूच्या एका जनुकातील फरकाशी निगडित असल्याचे त्यापूर्वीच दिसून आले होते.

अळीला कोण मारते, या प्रश्नाचे रूपच यामुळे पालटले. डार्विन यांनी मे १८६० मध्ये एसा ग्रे यांस लिहिलेल्या पत्रात, जिवंत अळीचे मांस आतून खाणारे हे कीटक दयाळू परमेश्वराने हेतुपुरस्सर निर्मिले असतील हे आपल्या मनास पटत नाही, असे म्हटले होते. त्यांच्यासमोर एक भक्षक व एक भक्ष्य होते. आज त्या जोडीत तिसरा घटक आला आहे, आणि तो माशीचा सेवक आहे की माशीचाच अवयव, यावर अजून वाद होतो.

कोटेशिया हे नाव या सर्व काळात कोठे होते? कॅनडाचे डब्ल्यू. आर. एम. मेसन यांनी १९८१ मध्ये ॲपॅन्टेलिसची फोड करणारा प्रबंध प्रसिद्ध केला. एका शिरेचा अभाव अनेक कुळांत स्वतंत्रपणे घडला आहे, तेव्हा ॲपॅन्टेलिस हे एक कुळ नव्हेच, असे प्रतिपादून त्यांनी तिचे पुष्कळ तुकडे केले. त्यापूर्वी १९६५ मध्ये जी. ई. जे. निक्सन यांनी ॲपॅन्टेलिसमध्ये जे जातिसमूह पाडले होते, त्यांचा मेसन यांना मोठा आधार झाला. त्यांतील एका मोठ्या तुकड्यासाठी जुन्यातले जुने उपलब्ध नाव शोधता ते कॅमेरॉन यांचे निघाले. ज्या त्रोटक वर्णनाची थट्टा झाली होती, त्यातील नाव अग्रक्रमाच्या नियमाने पुन्हा वर आले. लिनीअस यांची ग्लोमेरॅटसही आता त्याच छत्राखाली आली. मेसन यांची मांडणी सर्वांनी लगेच स्वीकारली नाही. पूर्व युरोपातील काही अभ्यासक पुढेही ॲपॅन्टेलिस हेच व्यापक नाव वापरीत राहिले, आणि १९९० मध्ये तिच्यावर पद्धतीच्या अंगाने टीकाही झाली. तथापि कोटेशिया टिकली. तिच्यात आज तीनशेहून अधिक वर्णित जाती आहेत.

नावांची फोड तेथेच थांबलेली नाही. ऑस्ट्रेलियातील जो कीटक फ्लॅव्हिपिस म्हणून गणला जात होता, तो वस्तुतः ऑलिफ यांनी १८९३ मध्ये वर्णिलेली नोनॅग्री ही स्वतंत्र जाती आहे, हे २००८ मध्ये दाखविण्यात आले. उसाचे परके खोडकिडे उद्या ऑस्ट्रेलियात शिरले, तर त्यांच्याविरुद्ध फ्लॅव्हिपिस देशातच आहे, असा जो भरवसा होता तो त्यामुळे गेला. २०१७ मध्ये केनियातील सेसॅमीचा एक गट कोटेशिया टायफी या नावाने वेगळा करण्यात आला. पाणकणसाच्या खोडातील सेसॅमिया नोनॅग्रिऑइडिस या अळीवर तो उपजीविका करतो. हीच अळी फ्रान्समध्ये मक्याची कीड आहे, आणि केनियातील ही कोटेशिया तेथे सोडता येईल काय, याची तपासणी फ्रेंच प्रयोगशाळांनी हाती घेतली.